तीन नंबरची टिकटिक

सगळा रस्ता तिला वहिनी म्हणायचा. तिच्याहून वीस वर्षांनी मोठा असलेला रद्दीवाला म्हणायचा, समोरच्या दवाखान्यातली नर्स म्हणायची, आणि बंद पडलेली गाडी ओढत आणणारे अनोळखी ड्रायव्हरसुद्धा दोन मिनिटांत "वहिनी, जरा बघता का?" वर यायचे. ज्याची ती नात्यानं, खरीखुरी वहिनी होती असं माणूस जगात एकच होतं. आणि नेमका त्या एका तोंडून हा शब्द आला की तिच्या कपाळाची शीर तडतडायची.

ते माणूस म्हणजे तिची नणंद. वहिनी तिला रीतीप्रमाणे वन्सं म्हणायची, अहो-जाहो करायची, ती येणार म्हटलं की गादीवर धुतलेली चादर घालायची, आणि ती गेली की तीच चादर गरजेपेक्षा जरा जास्त जोरात झटकायची.

वहिनी मूळची शिंप्याची मुलगी. बापाच्या दुकानात काज करण्यात आणि तुरपाई घालण्यात तिचं लहानपण गेलं. लग्न होऊन आली तेव्हा पाना कुठला आणि पक्कड कुठली हेही तिला ठाऊक नव्हतं. सासरे मिस्त्री. पुढे गॅरेज, मागे घर, मधे एकच दार. त्या दारातून फोडणीचा वास बाहेर जायचा आणि पेट्रोलचा आत यायचा. नवऱ्याला गाडी चालवायची हौस, उघडायची नाही. तो लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, आठवड्यातले दोन दिवस घरी, आणि त्यातला एक झोपेत.

बारा वर्षांपूर्वी मिस्त्रींचे हात थरथरायला लागले. कोणाला सांगितलं नाही त्यांनी. एकदा वहिनी चहा घेऊन बाहेर गेली तर ते वाकून एका बोल्टवर नट बसवत होते. नट खाली पडला. उचलला, पुन्हा पडला. चौथ्यांदा पडला तेव्हा वहिनीनं चहाचा पेला खाली ठेवला, नट उचलला आणि न बोलता बसवला.  त्या दिवसापासून ती नट बसवतेच आहे.

शिकली ती अशीच, एकेक टाका घालत. तिच्यात चमक नव्हती, चिकाटी होती. एखादा भाग काढला की त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. पहिल्या सिलिंडरचा असेल तर एक, दुसऱ्याचा असेल तर दोन. म्हणजे कोण मूळचा कुठला हे विसरायला नको. बायका नखांना लावतात ते ही इंजिनाला लावते म्हणून रस्त्यावर थट्टा व्हायची. पण तिच्याकडून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी सहसा परत येत नसे.

मिस्त्री मात्र तिच्या कामाबद्दल चकार शब्द काढत नसत. गिअरबॉक्स एकटीनं उतरवून चढवला तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "हं. हात धू आता." आणि गिऱ्हाईक आलं की यांचा सूर लागायचा. "माझ्या पोरीचा कान म्हणजे काय विचारता! आठ वर्षांची होती. या इथे टायरवर बसली होती. एक गाडी आत आली आणि ही म्हणते, बाबा, दुसरा सिलिंडर रुसलाय! उघडून बघतो तर खरंच दुसरा."

वहिनीनं ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा पोर दहा वर्षांची होती. मग नऊची झाली, मग आठची. ती नवऱ्याला म्हणाली होती, "अजून पाच वर्षांनी तुमची बहीण पाळण्यातूनच निदान करेल." नवरा हसला, पण अर्धवटच. त्याचीही ती लाडकी. चाळिशी ओलांडलेल्या, दार अडवून उभी राहील अशा अंगाच्या बाईला तो अजून चिमणी म्हणायचा.

ही चिमणी तीन तासांच्या अंतरावर एका प्रशिक्षण संस्थेत मोटारदुरुस्ती शिकवायची. वर्षातून दोनदा यायची, आठ दिवस राहायची, आणि त्या आठ दिवसांत वहिनीचं बारा वर्षांचं राज्य खालसा व्हायचं.

तर त्या सोमवारी सकाळी फिरत्या वाचनालयाची व्हॅन आली. चालवणाऱ्या ग्रंथपालबाई स्वतःच. किडकिडीत, चष्मेवाल्या, आणि गाडीबद्दल अशा बोलणार की जणू घरातलं आजारी माणूस. "सकाळी काही नसतं हो तिला. पंधरा-वीस मिनिटं झाली, चढ लागला, की उचक्या द्यायला लागते. काल तर पुस्तकं फळीवरून खाली आली. शुक्रवारी मला टेकडीवरच्या शाळेत जायचंय, मुलं महिनाभर वाट बघतात."

व्हॅन वीस-बावीस वर्षांची, इंजेक्शनवर चालणारी गाडी नवी-नवी निघाली होती त्या काळातली. म्हणजे सिलिंडरला पेट्रोल मोजून द्यायला आत कॉम्प्युटर आहे, पण त्या कॉम्प्युटरला धड बोलता येत नाही. आताच्या गाड्यांना यंत्र जोडलं की त्या आपलं दुखणं आकड्यात सांगतात. हिला फक्त एक पिवळा दिवा, लुकलुकला तर लुकलुकला. हिचं दुखणं तिच्याच अंगावर हात ठेवून काढायचं.

वहिनीनं इंजिन गरम होऊ दिलं. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. फुस्, फुस्, फुस्, आणि एक जागा रिकामी. मिसिंग होतंच. मग कुठला सिलिंडर ते शोधायला तिनं एकेका इंजेक्टरची, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या नळीची, वायर काढून पाहिली. पहिल्याची काढली, इंजिन बसलं. लावली. दुसऱ्याची काढली, बसलं. चौथ्याचंही तेच. तिसऱ्याची काढली तर इंजिनाला पत्ताच नाही. तीन नंबर कामावर येऊन सही करत होता, काम करत नव्हता.

आता सिलिंडरला लागतं काय? ठिणगी, पेट्रोल आणि दाब. ती क्रमानं गेली. तिसऱ्याचा प्लग पहिल्यात घातला, पहिल्याचा तिसऱ्यात. मिसिंग तिसऱ्यातच. प्लगची वायर बदलून पाहिली. तिसऱ्यातच. मंगळवारी सकाळी इंजेक्टर काढले आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा दुसऱ्यात घातला. बिघाड इंजेक्टरमध्ये असता तर तो त्याच्याबरोबर दुसऱ्यात गेला असता. गेला नाही. इंजेक्टरकडे जाणारी वायर मीटर लावून तपासली, ठणठणीत. दाब मोजला, थंड इंजिनात तोही बरोबर. पण गरम झाल्यावर आतला एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर? मग हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं डोकंच, उघडायला हवं. दोन-तीन दिवसांचं काम, आणि शुक्रवार डोक्यावर.

ती या विचारात हात पुसत होती, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि वन्सं उतरल्या.

मिस्त्रींचं काय झालं ते बघण्यासारखं होतं. सकाळपासून खुर्चीत मुटकुळं करून बसलेला माणूस उठून उभा राहिला. केसांवरून पाण्याचा हात फिरवला. "आली माझी पोर!" वहिनी या घरात पंधरा वर्षं होती, तिला ते सूनबाई म्हणायचे. सूनबाई हाही चांगलाच शब्द आहे. पण तो खुर्चीतून उठून म्हणत नाहीत.

आतून नवरा झोपेतून उठून आला, "चिमणी आली का?" करत. कालपासून घरी होता, पण व्हॅनचं काय झालं हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

वन्संनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "काय झालंय हिला?" म्हणत थेट बोनेटखाली वाकल्या. वहिनी म्हणाली, "गरम झाल्यावर मिसिंग करते. तीन नंबर." वन्संनी गाडी चालू करून तापू दिली, फळीवरचा सगळ्यांत लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, त्याचं टोक तिसऱ्या इंजेक्टरवर टेकवलं, मुठीकडची बाजू कानाला लावली आणि डोळे मिटले. पेट्रोलच्या प्रत्येक फवाऱ्याला इंजेक्टर एक टिक करतो, ती ऐकायला. मिस्त्री श्वासही जपून घेत होते. वन्संनी दुसऱ्यावर ऐकलं, पुन्हा तिसऱ्यावर ऐकलं, आणि डोळे उघडले.

"टिकटिक गाळतोय हा. मधेच एक घास चुकतोय. इंजेक्टर गेला बाबा तीन नंबरचा."

"बघ!" मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "बघ सूनबाई! तू दोन दिवस घातलेस, हिला दोन मिनिटं लागली!"

वहिनीच्या जिभेवर वाक्य तयार होतं. तो इंजेक्टर मी बदलून पाहिलाय, त्यात काही नाही. एवढंच. आठ शब्द. तिनं तोंड उघडलंही. पण मिस्त्री वन्संच्या पाठीवरून हात फिरवत होते. तोच थरथरणारा हात, जो त्यांनी बारा वर्षांत वहिनीच्या पाठीकडे एकदाही नेला नव्हता.  तिला वाटलं, असू दे. एवढा कान आहे ना, मग त्या कानानंच ऐकू देत.

"चहा टाकते," ती म्हणाली, आणि आत गेली.

चहा उकळत असताना ती स्वतःची समजूत घालत होती. खोटं कुठे बोललीय ती? कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. या घरात तिला कोणी विचारतं का कधी? या नादात चहा उतू गेला.

नवा इंजेक्टर शहरातून मागवला. बुधवारी दुपारी आला. वन्संनी बाह्या सरसावल्या. वहिनी शेजारी पाने देत उभी होती. आपल्याच गॅरेजमध्ये पाहुणीच्या हाताखाली. वन्संनी तिसऱ्या जागेवरचा इंजेक्टर काढला, फडक्यानं पुसला, आणि अंमळ जास्तच वेळ हातात धरून ठेवला. त्यावर दोन लाल ठिपके होते. वहिनीला ते दिसले, आणि वन्संना दिसले तेही तिला दिसलं.  आता विचारतील. पण वन्संनी तो इंजेक्टर गुपचूप खिशात टाकला आणि म्हणाल्या, "नवा दे."

चढावर नेऊन बघायचं ठरलं. ग्रंथपालबाई निरोप मिळताच आल्या. मिस्त्रींनी हट्ट धरला की मी पुढे बसणार. धुतलेला सदरा घालून ते पुढे बसले, वन्सं चालवायला, वहिनी आणि ग्रंथपालबाई मागे पुस्तकांच्या फळ्यांमध्ये दाटीवाटीनं.

पहिली वीस मिनिटं व्हॅन लोण्यासारखी चालली. मिस्त्री मागे वळून ग्रंथपालबाईंना सांगत होते, "सात वर्षांची होती बघा ही. टायरवर बसली होती..."

वहिनी खिडकीबाहेर बघत होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, चूक. चूक. आता चूक. अशी प्रार्थना तिनं आयुष्यात केली नव्हती. पाण्याच्या टाकीकडचा चढ सुरू झाला आणि व्हॅननं पहिली उचकी दिली. मग दुसरी. मग ती अशी गचके खायला लागली की "दुसरा सिलिंडर रुसलाय" हे शब्द मिस्त्रींच्या तोंडात तुकड्यातुकड्यांनी आले. आणि वहिनीला गार वाटलं. खोटं कशाला सांगायचं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं गार वाटलं.

ऐन चढावर व्हॅन बंद पडली. मागच्या ट्रकनं भोंगा धरला. वरच्या फळीवरचे जाडजूड कोश ग्रंथपालबाईंच्या मांडीवर कोसळले. वन्संनी हँडब्रेक ओढला, पुन्हा चावी फिरवली, पुन्हा फिरवली. त्यांची मान मागून लाल झालेली दिसत होती.

वहिनी ते बघून घेत होती, डोळे भरून. आणि मग तिची नजर मिस्त्रींवर गेली. त्यांनी एकदा पोरीकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. त्यांचा उजवा हात समोर ठेवलेला होता तो नेहमीपेक्षा जोरात थरथरत होता, आणि तो दिसू नये म्हणून त्यांनी त्यावर डावा हात ठेवला होता. डावाही थरथरत होता.

वहिनीचं गार वाटणं तिथेच संपलं. तिला वन्संची फजिती हवी होती, म्हाताऱ्याची नव्हती. पण ती एकीची वेगळी, दुसऱ्याची वेगळी अशी करून मिळत नाही, हे तिला आधी सुचलं नव्हतं.

व्हॅन जरा निवल्यावर कशीबशी परत आले, तेव्हा मिस्त्री सरळ आत जाऊन आडवे झाले. ग्रंथपालबाई "उद्या फोन करते" एवढंच म्हणाल्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. गॅरेजमध्ये दोघीच उरल्या. वन्सं उलट्या बादलीवर बसल्या, खिशातून तो इंजेक्टर काढला आणि वहिनीसमोर धरला.

"हे दोन ठिपके दोन नंबरचे ना?"

"हो."

"म्हणजे तू आधीच अदलाबदल करून पाहिली होतीस."

"हो."

"आणि सांगितलं नाहीस."

वहिनीनं मान खाली घातली नाही. "नाही सांगितलं. तुम्ही तरी काढताना ठिपके बघितलेत. तेव्हाच का नाही विचारलं?"

वन्संनी इंजेक्टर बोटांत फिरवला. "कारण विचारलं असतं तर ते तुझं झालं असतं. तू आधी करून ठेवलेलं, आणि मी आपली मागून येऊन ठणाणा करणारी. मला वाटलं, नवा घालू, लागला तर लागला मटका."

"तुम्हाला काय गरज मटक्याची? तुमचं काहीही बरोबरच असतं इथे."

"माझं?" वन्सं हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. "वहिनी, दर रविवारी फोन येतो मला बाबांचा. माहितीये काय बोलतात? सूनबाईनं गिअरबॉक्स एकटीनं उतरवला. सूनबाईनं तिघांनी सोडून दिलेली गाडी चालू केली. सूनबाईच्या हातची गाडी परत येत नाही. तुमच्या संस्थेत शिकवतात का असं काही? बारा वर्षं ऐकतेय मी. मी घर सोडून गेले, शिकले, चाळीस-चाळीस पोरांना शिकवते. त्याचं एकदा विचारत नाहीत. सूनबाई, सूनबाई, सूनबाई."

 लेकी बोले सुने लागे, हे वहिनीला माहीत होतं. हा म्हातारा सुनेचं लेकीला आणि लेकीचं सुनेला ऐकवत बसला होता, आणि ज्याचं त्याला मात्र काही नाही.

आता अशा वेळी दोघींचे डोळे भरून यावेत, गळ्यात गळे पडावेत. तसं काही झालं नाही. वहिनीच्या मनात पहिला विचार आला तो असा, की म्हणजे माझ्या वाट्याचं कौतुकसुद्धा हिनंच ऐकलं! बारा वर्षं, दर रविवारी! माझ्या नावाची पत्रं हिच्या पत्त्यावर गेली! तिला इतका राग आला की उठून दोन पाने उगाचच जागेवर लावले.

मग ती वळली. "टिकटिक सुटत होती हे नक्की?"

"नक्की. त्यात चूक नाही माझी."

"आणि इंजेक्टर चांगला, हेही नक्की. त्यात माझी नाही."

 इंजेक्टर चांगला आहे आणि तरी टिकटिक गाळतो. म्हणजे त्याच्यापर्यंत कॉम्प्युटरचा हुकूमच पोचत नाही. दोघींची नजर एकदमच वायरींच्या जुडग्यावर गेली.

"वायर मी मीटरनं बघितली होती," वहिनी म्हणाली. "चांगली दाखवली."

"गाडी बंद असताना? थंड?"

"हो."

"चालू कर."

गरम इंजिन चालू झालं. वन्संनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले. वहिनीनं जुडग्यावरची काळी नळी कापून वायरी मोकळ्या केल्या आणि तिसऱ्याची वायर दोन बोटांत धरून इंचाइंचानं पुढे सरकायला लागली, वाकवत, ओढत, सोडत. इंजिनाच्या आवाजावरून वन्सं ओरडत होत्या. "ठीक. ठीक. ठीक. पुढे जा. सुटली! आली. ठीक. पुन्हा तिथेच ये. सुटली!"

वहिनीची बोटं थांबली. जिथे ते जुडगं एका पट्टीत आवळून इंजिनाला बांधलं होतं तिथेच. वरून वायर नवी असावी तशी, ओरखडासुद्धा नाही. पण बोटांना ती तेवढ्या जागी पोकळ लागली. कापडाच्या आत दोरा तुटलेला असला की वरून दिसत नाही, पण चिमटीत धरल्यावर तेवढी जागा निर्जीव लागते, तशी. ती लहानपणी बापाच्या दुकानात अशा जागा डोळे मिटून शोधायची. तिनं वायर कापली आणि वरचं आवरण सोललं. आतली तांब्याची तार तुटून दोन टोकं नुसती एकमेकींना टेकून होती. गाडी थंड असली की टेकायची. गरम झाली, चढावर इंजिन एका बाजूला कललं, की सुटायची.

"हेड उघडणार होते मी," वहिनी म्हणाली.  "तीन दिवस घालवले असते, आणि आत काही सापडलं नसतं."

"आणि मी उरलेले तीन इंजेक्टरही बदलले असते," वन्सं म्हणाल्या.

नवा तुकडा जोडला, कथलाचा डाग दिला, वर आवरण चढवलं, आणि आवळणारी पट्टी जरा सैल बांधली. मग दोघीच व्हॅन घेऊन टाकीच्या चढावर गेल्या. एकदा नाही, चारदा. चौथ्यांदा वन्सं म्हणाल्या, "पुरे, पेट्रोल बाईंचं आहे."

मिस्त्री उठून दारात येऊन उभे होते. वन्संनी तुटलेला तुकडा आणि दोन ठिपक्यांचा इंजेक्टर त्यांच्या हातात ठेवला. "वहिनीनं शोधला," त्या म्हणाल्या. आता आपण काय म्हणायचं हे वहिनीला कळत होतं, पण तिनं आधी फडक्याला हात पुसले, मग पक्कड जागेवर ठेवली. शेवटी म्हणाली, "ऐकलं वन्संनी. त्याशिवाय मी तिथे गेलेच नसते."

मिस्त्रींनी तो तुकडा वाकवून पाहिला, इंजेक्टरवरचे ठिपके मोजले. म्हातारं खुळं नव्हतं. "ही टिकटिक मंगळवारीच ऐकली होती," ते हळूहळू म्हणाले, "आणि इंजेक्टर मंगळवारीच बदलून झाला होता. मग आज बुधवार का उजाडला?"

 वहिनीनं उलट विचारलं, "बाबा, रविवारी फोनवर काय बोलता तुम्ही वन्संशी?"

"काय बोलणार? हवापाणी."

"बारा वर्षं हवापाणी?"

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. त्यांनी एकदा पोरीकडे पाहिलं, तिनं आढ्याकडे. "हे बघा," ते म्हणाले, "माझ्या उस्तादानं मला कधी तोंडावर चांगलं म्हटलं नाही. तोंडावर म्हटलं की हात सैल पडतो म्हणायचा. मी त्याचंच..." पुढे त्यांना काही सुचेना. "मी दोघींनाही तोंडावर काही म्हटलं नाही. दुजाभाव नाही केला."

हे अगदी खरं होतं. वन्सं खो खो हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले.

गुरुवारी ग्रंथपालबाई येऊन व्हॅन घेऊन गेल्या, शुक्रवारी टेकडीवरच्या शाळेत पुस्तकं पोचली. उरलेल्या दिवसांत एका दुपारी वहिनीनं वन्संना म्हटलं, मला ते ऐकायला शिकवा. वन्संनी मनापासून शिकवलं. अर्धा तास वहिनी डोळे मिटून स्क्रूड्रायव्हर कानाशी धरून उभी होती. तिला नुसती घरघर ऐकू आली. "नाही येत काहींना," वन्सं म्हणाल्या. चांगुलपणानंच म्हणाल्या. तरी वहिनीला ते लागलं, आणि लागलं याचाही राग आला. मत्सर म्हणजे काही वायर नव्हे, की तुटली जागा सापडली, जोडली, झालं.

पुढच्या वर्षी वन्संनी तिला संस्थेत बोलावलं. पोरांना तुझी ठिपक्यांची पद्धत दाखव म्हणाल्या. वहिनी गेली. सुरुवातीला ती पोरांकडे पाठ करूनच बोलत होती, पण एकदा इंजिनाला हात लागल्यावर तोंड सुटलं. पोरांनी नीट ऐकलं, प्रश्न विचारले. मग वन्संचा तास झाला. त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्या चाळीस पोरांची तोंडं अशी उजळली, की मागच्या बाकावर बसलेल्या वहिनीनं ती एकेक करून मोजली. एवढी माणसं. तिच्या हाताखाली कधी कोणी शिकलं नव्हतं. ती तास संपेपर्यंत ऐकत राहिली. कारण वन्सं खरंच फार छान शिकवत होत्या.

घरी परतली तेव्हा मिस्त्री वाटच बघत होते. "काय? कसं झालं?"

स्टँडपासून घरापर्यंत ती एकच वाक्य जुळवत आली होती. पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, "वन्सं फार चांगलं शिकवतात, बाबा. तिथे कोणाला त्यांची सर नाही."

मिस्त्रींचा चेहरा फुलला. तो तसा फुललेला तिला बघवेना. ती आत चहा टाकायला वळली आणि दारातूनच म्हणाली, "आवाज मात्र फारच मोठा आहे त्यांचा. डोकं दुखतं माणसाचं."